तांदूळ नवा आहे

"गो बाय, तांदूळ नवो आसा. जुन्याएवढा पाणी कित्याक घातलंस?"

मालवणात आज दुपारी शेजारच्या काकींनी टोपाचं झाकण उचललं आणि एवढंच म्हणाल्या. आत भाताचा गोळा. मी नेहमीच्याच मापाने, वाटीला दोन वाट्या पाणी घातलं होतं.

मग त्यांनीच दुसरा टोप चढवला. तांदूळ तीनदा धुतले, भरपूर उकळत्या पाण्यात सोडले. शीत दाबून बघितलं आणि मधे जरासा कण असतानाच भात वेळला, म्हणजे उरलेलं पाणी ओतून काढलं. तीच गरम पेज मीठ घालून माझ्या हातात दिली. भात दहा मिनिटं झाकला. काय मोकळा झाला!

नव्या तांदळात ओल असते, जुना जास्त पाणी पितो. कुकर आल्यापासून आमच्याकडे भात कुणी वेळलाच नाही.

तुमच्या घरी अजून वेळतात का?