आठपैकी चारच तारा आणि माझे १९ दिवस

मी इंदिरानगरला राहते आणि घरूनच लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. तुळशीचं लग्न झालं की कामाला श्वास घ्यायला उसंत नसते. एकेका लग्नाचं फुटेज ४० जीबी असतं आणि ते मुंबईला पाठवावं लागतं. म्हणून या वर्षी २०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन घेतलं, अपलोडही २०० आणि डाउनलोडही २००. कागदपत्रं, जोडणी, सगळं दोन दिवसांत झालं.

पुढचे १९ दिवस मात्र विसरणं शक्य नाही.

कॉम्प्युटरला वायर लावलेली होती. स्पीड टेस्ट केली की ९४. सकाळी ९४, रात्री दोन वाजता ९४. फोन केला तर "मॅडम, राउटर बंद करून चालू करा." केला. ९४. मग एक मुलगा आला. राउटरशेजारी उभा राहून स्वतःच्या मोबाइलवर वायफायने टेस्ट केली, २०४ दाखवले आणि म्हणाला, "आमच्याकडून ओके आहे, ओटीपी सांगा." मी सांगितला. तक्रार बंद झाली.

तेव्हा हे आधीच सांगते: आपल्या कॉम्प्युटरवर आकडा दिसल्याशिवाय ओटीपी देऊ नका. मोबाइल हवेतून थेट राउटरशी बोलतो, माझ्या खोलीपर्यंत आलेल्या वायरीशी त्याचा काहीच संबंध नाही. मोबाइलवर २०४ आले म्हणजे राउटरपर्यंतचा रस्ता चांगला आहे, एवढंच सिद्ध होतं.

दुसऱ्या वेळी पुन्हा तोच मोबाइल, तोच ओटीपी. तिसऱ्या वेळी "तुमचा कॉम्प्युटर जुना आहे." चौथ्या वेळी "वेबसाइटच स्लो असेल." पाचव्या वेळी कोणी आलंच नाही, तरी संध्याकाळी मेसेज आला: तुमची तक्रार सोडवली आहे. त्या दिवशी रविवारच्या लग्नाचं फुटेज अर्धवट गेलं होतं आणि मुंबईहून सारखे फोन येत होते. तो मेसेज वाचून अक्षरशः डोळ्यांत पाणी आलं.

माझा भाचा बीसीएला आहे. त्याला सगळं सांगितलं तर त्याने एकच प्रश्न विचारला, "मावशी, आकडा रोज तोच येतो का? मग हा गर्दीचा प्रश्न नाही. गर्दी असती तर आकडा खालीवर झाला असता. कुठेतरी १०० ची मर्यादा पडलीय." १९ दिवसांत कंपनीच्या एकाही माणसाला हे सुचलं नव्हतं.

त्याने विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेट उघडायला लावलं. तिथे लिंक स्पीड लिहिलेला होता: १००/१००. केबल लावली की दोन्ही टोकांची यंत्रं आधी आपसात वेग ठरवतात, १०, १०० की १०००. इथे १०० ठरला होता. शिवाय माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जाते; प्रत्येक पॅकेटवर पत्ता, क्रमांक असा मजकूर असतो आणि दोन पॅकेटांमध्ये थोडी मोकळी जागा सोडावी लागते. ते वजा जाता हातात ९४ च्या आसपास उरतात. माझा ९४ तिथून येत होता.

मग कॉम्प्युटरमागचा प्लग काढून टॉर्चसमोर धरला. प्लग पारदर्शक असतो, त्यात आठ सोनेरी पट्ट्या असतात. तारा मात्र चारच दिसल्या, नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी गायब. केबलचा माग काढत भिंतीपर्यंत गेलो, तर तिथे त्या दोन जोड्या वेगळ्या काढून टीव्हीच्या बॉक्सला दिलेल्या. एक केबल वाचवण्यासाठी एकीतूनच दोन कनेक्शनं काढली होती! १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, पिन १, २, ३ आणि ६. १००० ला चारही जोड्या लागतात.

सहाव्या फोनला मी एवढंच म्हणाले, "लिंक स्पीड १०० आहे, केबलच्या चारच तारा जोडल्यात, हे शब्द तक्रारीत लिहा." दुसऱ्या दिवशी वयाने मोठा माणूस आला. प्लग पाहताच म्हणाला, "ताई, हे चुकीचं केलंय." टीव्हीला वेगळी केबल ओढली आणि माझ्या केबलच्या आठही तारा रंगांच्या क्रमाने बसवल्या. जोड्यांचा पीळ त्याने प्लगपर्यंत जपला. बाहेरचा विजेचा गोंधळ पीळ दिलेल्या दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि वजा होऊन जातो, म्हणून तो पीळ सोडायचा नसतो. लिंक १०००/१०००, टेस्ट १९८. मग ओटीपी दिला. तासभर खाणारं ४० जीबी आता अर्ध्या तासात जातं.

हो, प्लॅनमधला २०० हा मेगाबिटचा आकडा. फाइल कॉपी होताना दिसतो तो मेगाबाइट, म्हणजे आठाने भागून २५. त्यावरून भांडू नका. आणि नेट पूर्ण बंद पडलं तर आधी राउटरला, साधारणपणे १९२.१६८.१.१ या पत्त्यावर, पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघा. तो उत्तर देतो पण ८.८.८.८ (गूगलचा इंटरनेटवरचा सर्व्हर) देत नाही, तर बिघाड बहुधा घराबाहेर. दोन्ही उत्तर देतात आणि फक्त साइटची नावं उघडत नाहीत, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा, बघा.

तक्रार क्रमांक दर वेळी लिहून ठेवा. ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. तिच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे आधी कंपनीचं तक्रार केंद्र आणि तिथे समाधान झालं नाही तर कंपनीचंच अपील प्राधिकरण, त्याला पैसे लागत नाहीत. माझे पाचही क्रमांक वहीत होते. ते अपिलात टाकलेत आणि १९ दिवसांचं भाडं परत मागितलंय.