सिकलच्या रक्तातला मलेरिया

गडचिरोलीहून नागपूरला पाठवलेला शाळकरी मुलगा. ताप हटत नव्हता, डोळे पिवळे. त्याच्या रक्ताची पातळ थराची स्लाइड आमच्या लॅबमधल्या स्कॅनरवर चढवली आणि मलेरिया ओळखणाऱ्या प्रोग्रामने पडदाभर लाल चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीत एक चंद्रकोर, शेजारी निदान: फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीचा गॅमेटोसाइट.

गॅमेटोसाइट म्हणजे डासाच्या पोटात जायला तयार झालेला परजीवी. त्याची कोर ही फाल्सिपेरमची ओळखच. पण इतक्या चंद्रकोरी आणि अंगठीसारखं कोवळं रूप एकही नाही, हे मला पटेना. आमचे ज्येष्ठ टेक्निशियन काका पडद्याशी वाकले. "मॅडम, पोराला सिकल तर नाही ना? थिक स्मिअर पाहून घ्या ना."

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशीच कोयत्यासारख्या वाकतात. पातळ थरात त्या मिथेनॉलने पक्क्या होतात. जाड थराला, म्हणजे थिक स्मिअरला, मिथेनॉल लावत नाहीत, म्हणून गिम्सा या रंगाच्या पाण्यात त्या फुटून विरतात. उरतात पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि असलेच तर परजीवी. प्रोग्राम मात्र सिकल नसलेल्या रक्ताच्या चित्रांवर शिकलेला. सिकल जास्त आढळणाऱ्या विदर्भात असं साधन जसंच्या तसं वापरणं धोक्याचं आहे, हे मी तेव्हापासून ठासून सांगते.

जाड थरावर तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली बसले. चंद्रकोरी गायब. पण किमान शंभर फील्ड, म्हणजे लेन्सखाली एका वेळी दिसणारे तुकडे, पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नसतं. बरंच पुढे गेल्यावर जांभळ्या ठिपक्याची नाजूक अंगठी दिसली. मग आणखी एक. पुन्हा पातळ थराकडे वळले, तर त्या चौकटींतली एक कोर खरी निघाली: मधोमध तपकिरी कणांचा पुंजका, परजीवीने हिमोग्लोबिन पचवून टाकलेला हिमोझोइन. ध्रुवित प्रकाशात तो चमकला. बाकीच्या चंद्रकोरी नुसत्या गुलाबी, आतून कोऱ्या.

सिकलचं एकच जनुक असेल तर मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे संशोधक ॲलिसन यांनी १९५४ मध्ये मांडलं. दोन्ही जनुकं सिकलची असली की तोच मलेरिया जिवावर उठतो. मुलाच्या हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी नंतर झाली आणि काकांची शंका खरी ठरली. मलेरियाचा रिपोर्ट मात्र मी लगेच फोनवरून वॉर्डात कळवला आणि औषध त्याच रात्री सुरू झालं.

आता प्रोग्रामच्या शिकवणीत आम्ही सिकलच्या स्लाइडही घालतो, मलेरिया असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही. रक्ततपासणीच्या फॉर्मवर सिकलचा रकाना हवा, म्हणून माझा पाठपुरावा अजून चालू आहे.