दोष काठीचा नव्हता

आज डेन्व्हरहून सकाळी लवकर निघून डेकर्सला साउथ प्लॅट नदीवर गेलो होतो. दोन वर्षं फ्लाय फिशिंग (गळाला 'फ्लाय' म्हणजे हलकी नकली माशी लावून मासेमारी) शिकतोय, पण २५-३० फुटांपुढे दोरी काही सरळ जात नव्हती. पाण्यावर शेवयांसारखा गुंता पडायचा. मागच्या झुडपांत फ्लाय अडकायची ते वेगळंच. मी आपला ९ फुटी काठीला दोष देत होतो. नवीनच्या किमतीही बघून ठेवल्या होत्या (बायकोला अजून माहीत नाही).

सोबतचा मित्र नागपूरचा, अबोल. अर्धा तास नुसता बघत राहिला. मग आला आणि काठीचं मुठीखालचं टोक माझ्या जॅकेटच्या बाहीत खुपसलं. "आता फेक बे."

काठी मागे नेली की बाही ताणायची. म्हणजे दर वेळी मनगट मागे वाकत होतं! क्रिकेटमध्ये थ्रो करायची जुनी सवय, दुसरं काय. मनगट वाकलं की काठीचं टोक मागे खाली झुकतं आणि दोरीही जमिनीकडे जाते. इथे आमिषाला वजन जवळजवळ नसतंच, जे काय ते दोरीचं. ती मागे पूर्ण उलगडली तरच काठी नीट वाकते आणि पुढे जोर मिळतो. टोक उंच रोखायचं, जरा थांबायचं, मग पुढे.

पाचव्या-सहाव्या फेकीला दोरी अशी अलगद उलगडत गेली की दोघंही गप्प.

मासा? एकही नाही. एक ट्राउट वर आला, फ्लाय बघितली, परत गेला. नवी काठी रद्द. बाही मात्र उसवली.