दुर्दैवाने

९ जानेवारी १९९१. वृत्तपत्राच्या कचेरीतली रात्रपाळी, पान एक माझ्याकडे.

जीनिव्हात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर आणि इराकचे तारिक अझीझ समोरासमोर बसले होते. बळकावलेलं कुवेत सोडायला सुरक्षा परिषदेने इराकचा अध्यक्ष सद्दाम हुसेनला १५ तारखेची मुदत दिलेली. बैठक लांबत चालली. लांबतेय म्हणजे जमतंय, असं शेअरबाजारांनी धरलं, तसंच मीही धरलं. बाहेरगावी जाणाऱ्या, लवकर छापायच्या डाक आवृत्तीला मथळा दिला: 'जीनिव्हा चर्चा लांबली, आशा वाढल्या'. गठ्ठे रत्नागिरीच्या गाडीत चढले. कुवेतहून जीव घेऊन परतलेली माणसं ज्या गावांत होती, नेमके तिकडेच.

मध्यरात्रीच्या सुमारास टेलिप्रिंटरची घंटा वाजायला लागली. बेकर यांचं निवेदन. सहा तासांहून अधिक बोलूनही इराक जराही नमलेला दिसला नाही. त्या वाक्याच्या तोंडाशी शब्द होता 'रिग्रेटेबली'.

लोकांना वाटतं, शब्दकोश उघडला की झालं भाषांतर. 'खेदाने' लिहिलं तर खेद बेकर यांचा होतो. 'दुर्दैवाने' लिहिलं की तो कुणाचाच राहत नाही. मुख्य उपसंपादकांना विचारलं, "अण्णा, काय घेऊ?"

"काहीही घे रे, पेस्टिंगवाले खोळंबलेत."

माणूस सोन्यासारखा, पण मजकूर वाचायचा नाही, मोजायचा. मी 'दुर्दैवाने' घेतलं. कानाला बरं वाटलं, एवढंच कारण.

दुर्दैव कसलं आलंय त्यात? आदल्या वर्षी २५ जुलैला सद्दामने अमेरिकी राजदूत एप्रिल ग्लास्पी यांना बोलावून घेतलं होतं. अरबांच्या आपसातल्या तंट्यावर आमचं मत नाही, असं त्या म्हणाल्याचं इराकने नंतर छापून आणलं. मग जेद्दामधली इराक-कुवेत बोलणी फिसकटली आणि २ ऑगस्टला रणगाडे कुवेतमध्ये घुसले. जीनिव्हात तर अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांचं सद्दामला लिहिलेलं पत्र अझीझ यांनी वाचलं, भाषा राष्ट्रप्रमुखाला शोभणारी नाही म्हणाले आणि टेबलावरच ठेवून उठले. पत्राचा हा परिच्छेद मी घेतला होता. पान लावताना शेवटच्या सात ओळी जास्त झाल्या, त्यात तोच उडाला.

१७ तारखेला बगदादवर बॉम्ब पडू लागले तेव्हा आपल्याकडे पहाटेचे पाच वाजून गेले होते. अंक विक्रेत्यांच्या हातात, आणि त्यात युद्ध नाही. त्याचं मला काही वाटत नाही, घड्याळापुढे कुणाचं चालतं? माझ्या डोक्यात १० तारखेची दुपार आहे. रत्नागिरीच्या वार्ताहराचा फोन आला होता.

"भाऊ, सकाळपासून चौघं येऊन गेले. आशा वाढल्या म्हणजे कुवेतला परत कधी जायला मिळेल, विचारतायत. काय सांगू?"