बाहेरपेक्षा घरात गारठा

२० जानेवारी, मंगळवार. दातांग, झेजियांग.

आज चिनी पंचांगातलं 'दाहान', म्हणजे मोठी थंडी. पंचांगाने शब्द पाळला. छतावरच्या सोलर बंबातून पाणीच येईना, पाइप गोठलेला. काल रात्रीच्या थर्मासमधल्या पाण्याने तोंड धुतलं.

इचलकरंजीत सांगितलं तर कोणाला पटत नाही, पण इथे बाहेरपेक्षा घरात जास्त गारठा. दुपारी उन्हात जरा बरं वाटतं आणि खोलीत शिरलो की फरशीतून थंडी पायात चढते. चीनमध्ये घरोघर सरकारी हीटिंग असतं, पण ते छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदीच्या रेषेपलीकडे, उत्तरेत. १९५० च्या दशकात इंधनाची टंचाई, म्हणून अशी वाटणी झाली आणि झेजियांग पडला दक्षिणेत. बीजिंगमधला मित्र हिवाळ्यात घरात बनियनवर बसतो. मी कानटोपी घालून भात खातो. त्यात इथल्या लोकांना खिडक्या उघड्या लागतात! हवा खेळती हवी म्हणे. जिन्यातली खिडकी मी लावायची, घरमालकिणीने उघडायची. दोन हिवाळे हेच चाललंय.

तिला मी 'आयी' म्हणतो. मावशीच्या वयाच्या बाईला इथे आयीच म्हणतात. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काही बोललीच नाही.

आयी दुलईसारख्या जाड गुलाबी पायजम्यातच भाजीला जाते. स्कूटर विजेची, हँडलला पुढून गोधडी बांधलेली, म्हणजे हात-गुडघे झाकले जातात. कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेसुद्धा मोबाइलवर. गॅलरीत माझ्या शर्टांशेजारी तिने खारवलेलं डुकराचं मांस आणि मासे वाळत टाकलेत. शर्टांना वास लागतो. बोलून झालं, उपयोग शून्य.

गाव मोज्यांचं. एकाने विणायचे, दुसऱ्याने बोटांकडचं तोंड शिवायचं, तिसऱ्याने वाफ द्यायची, चौथ्याने जोड्या लावायच्या. गोण्या तीनचाकीवरून या दारातून त्या दारात. आपल्याकडे सूत, सायझिंग, माग जसे वेगवेगळ्या गल्ल्यांत, तसंच. आयीच्या तळमजल्यावर वाफेचं काम चालतं. चपटे धातूचे पाय रांगेने उभे असतात, तळवे आभाळाकडे. कामगार बाई दोन्ही हातांनी सर्रकन मोजा चढवते, पुढचा, पुढचा. रांग पेटीत जाते, वाफ होते, आणि आत गेलेला सुरकुतलेला बोळा दुकानात टांगावा इतका ताठ होऊन बाहेर येतो. मालाचं चेकिंग हे माझं कामच आहे, पण खरं सांगायचं तर संध्याकाळी लॅपटॉप घेऊन मी तिथे बसतो तो उबेसाठी. आयीची म्हातारी सासूही तिथेच, मांडीवर निखाऱ्यांचं पितळी भांडं घेऊन.

आज खोकलो तर तिघी एकदम म्हणाल्या, गरम पाणी पी. ताप, पाठदुखी, कर्ज, सगळ्यावर इथे हाच उपाय.

नववर्ष १७ फेब्रुवारीला. आन्हुई आणि क्वेइचौच्या कामगारांची गावी जायची तिकिटांची गडबड सुरू झाली आहे. ते गेले की महिनाभर वाफ बंद. आयी म्हणाली, आत्ताच विजेवर तापणारी चादर घेऊन ठेव आणि एक नंबरवरच लाव, बिल तुझ्याच नावावर येतं. मागवली. परवा येईल.