शेन्झेनची सहा दिवसांची फेरी: मोल्ड, बोर्ड आणि स्टीलचा डबा

आमची छोटी कंपनी भोसरीत शेतपंपाचा मोबाइल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटर चालू करणारी पेटी, बनवते. रात्री दोन वाजता थ्री फेज लाइट येते, शेतकरी बॅटरी घेऊन बांधाबांधाने मोटर चालू करायला निघतो, आणि जुन्नरच्या उसात तेव्हा बिबट्या असतो. आमच्या पेटीमुळे ती फेरी वाचते. पहिले 200 नग आम्ही हाताने सोल्डर करून विकले. मग 3000 नगांची ऑर्डर आली आणि हातकामाची मर्यादा कळली. पेटीच्या कव्हरचा मोल्ड (साचा) आणि भरलेले, म्हणजे सुटे भाग बसवलेले सर्किट बोर्ड चीनमधून आणायचे, जुळणी आणि शेवटची तपासणी भोसरीतच करायची, असं ठरवून नोव्हेंबरात शेन्झेनला जाऊन आलो. ज्यांची अशी पहिली फेरी व्हायची आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

सोबत कोणाला न्यायचं, यावर घरात आणि ऑफिसात बरीच चर्चा झाली. सगळ्यांचं म्हणणं, विक्री बघणाऱ्या पार्टनरला ने, बोलायला बरा. मी टेस्टिंग बेंचवरच्या ताईंना नेलं. ताई दहावी शिकलेल्या, पासपोर्ट पहिल्यांदाच काढलेला. पण आमच्या 200 नगांपैकी प्रत्येक नग त्यांच्या हाताखालून गेला आहे. या फेरीतला माझा सगळ्यात चांगला निर्णय हाच.

आधी कागदपत्रं. चीनचा व्यापारी व्हिसा म्हणजे एम व्हिसा, त्यासाठी तिकडच्या कंपनीचं आमंत्रणपत्र लागतं. पासपोर्टवर आहे तसंच नाव त्यावर आहे का ते अक्षरन् अक्षर जुळवा. आम्ही मुंबईहून हाँगकाँगमार्गे गेलो. हाँगकाँगसाठी भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, त्या चिठ्ठीची छापील प्रत जवळ ठेवा. हाँगकाँगच्या वेस्ट काउलून स्टेशनवर दोन्ही बाजूंचे इमिग्रेशन एकाच इमारतीत होतात आणि गाडी पंधरा मिनिटांत शेन्झेनमधल्या फुतिएनला पोचते. मधे एखादा दिवस हाँगकाँगला परत जायचं असेल तर व्हिसा दोन प्रवेशांचा घ्या. एकेरी व्हिसा पहिल्याच प्रवेशात संपतो.

हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप आणि गूगल चालत नाहीत, भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतात. तिकडचा सगळा कारभार वुईचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर, आणि ते आपल्याकडे 2020 पासून बंद. आम्ही पहिल्या दिवसापासून ईमेलचाच आग्रह धरला. कारखान्यातली मंडळी थोडी नाखूश झाली, पण प्रत्येक बदल लेखी राहिला. युआनच्या नोटा जवळ असू द्या. जेवणाचं म्हणाल तर ताईंनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट आणलं होतं. शाकाहारी असाल तर तसं चिनी भाषेत लिहिलेलं वाक्य फोनमध्ये ठेवा.

शेन्झेनमधल्या ह्वाछियांगपेई या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या बाजारात आम्ही अर्धा दिवस घालवला, तेवढा पुरे. तिथल्या सेग प्लाझा इमारतीच्या खालच्या मजल्यांवर हातभर रुंदीचे गाळे, काचेखाली कपॅसिटर, रिले, कनेक्टर यांच्या रीळांवर रीळं. 1980 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र झालं तेव्हापासून हे शहर याच मालावर वाढलं. नमुन्यासाठी पन्नास नग घ्यायला यासारखी जागा नाही. उत्पादनाचा माल मात्र इथून उचलू नका. जुन्या आयसीवरचं (चिपवरचं) नाव घासून नवं छापलेला माल अशा बाजारांत मिसळलेला असतो, आणि ते डोळ्यांना कळत नाही. आयसी आणि मॉड्यूल (बोर्डावरचा मोबाइल नेटवर्क पकडणारा भाग) अधिकृत वितरकाकडूनच.

पुढचे दोन दिवस पाओआन भागात मोल्डवाल्याकडे. पहिले नमुने हातात घेतले तर स्क्रूच्या खांबांपाशी बाहेरून खळगे दिसत होते. खांब भिंतीइतकाच जाड ठेवला की तिथलं प्लॅस्टिक सावकाश थंड होतं आणि पृष्ठभाग आत ओढला जातो. जाडी भिंतीच्या साठ टक्क्यांच्या आसपास हवी. दिसायला किरकोळ, पण आमच्या पेटीत रबराची गॅस्केट त्याच कडेवर बसते, आणि पावसाचं पाणी तिथूनच आत जाणार. मोल्डवाल्याने त्याच दिवशी खांब आतून पोखरायचं कबूल केलं. मोल्ड भारतात आणणार असाल तर ऑर्डर देण्याआधी आपल्या इकडच्या मोल्डिंग मशीनच्या दोन टाय बारमधलं (ज्या दांड्यांच्या मधे मोल्ड बसतो त्यांतलं) अंतर, लोकेटिंग रिंगचा (मोल्ड मध्यावर बसवणाऱ्या कड्याचा) व्यास आणि जास्तीत जास्त उघडझाप मोजून तिकडे पाठवा. आम्ही भोसरीतल्या मशीनची मापं नेली होती म्हणून निभावलं. आणि मोल्ड कोणाच्या मालकीचा ते करारात लिहून घ्या, शिवाय स्टीलवर आपल्या कंपनीचं नाव कोरून घ्या.

आता बोर्डाच्या कारखान्याबद्दल, कारण खरं काम इथेच झालं.

वीस नमुना बोर्ड तयार होते. त्यांच्या बेंचवर वीसच्या वीस पास. तिकडचा थ्री फेज 380 व्होल्टचा, आपला 415 चा, आणि शेतात तो कधी 300 पर्यंत उतरतो, म्हणून आम्ही डिमरस्टॅट लावून व्होल्टेज वरखाली करायला सांगितलं होतं. त्यातही पास. मी सही करायला बसलो होतो. ताई म्हणाल्या, "सर, इथे टॉवर खिडकीतून दिसतोय. आपल्याकडे विहिरीवर एवढी रेंज कुठे असते?"

मग त्यांनी पिशवीतून दशम्यांचा रिकामा स्टीलचा डबा काढला, पुसला, तळाशी पुठ्ठा घालून बोर्ड त्यात ठेवला आणि वायरींपुरती फट ठेवून झाकण लावलं. रेंज एका काडीवर आली. सिग्नल कमी झाला की मॉड्यूल पूर्ण ताकदीने पाठवायला लागतं आणि तेवढ्या क्षणापुरता जास्त करंट ओढतं. फटीतून हिरवा दिवा दिसत होता. तो विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. बोर्ड बंद पडून परत सुरू होत होता. एकेक करून वीस बोर्ड डब्यात घातले, सात असेच निघाले. स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला तेव्हा 3.8 व्होल्टचा पुरवठा क्षणभर 3.2 च्या खाली जाताना दिसला.

कारण होतं एक कपॅसिटर. आमच्या पार्टलिस्टमध्ये फक्त '1000 मायक्रोफॅरड, 10 व्होल्ट' एवढंच लिहिलेलं. कारखान्याने तेवढ्याच मापाचा, पण वेगळ्या मेकचा, जास्त ईएसआरचा, म्हणजे आतला रोध जास्त असलेला आणि करंटच्या झटक्याला कमी पडणारा कपॅसिटर लावला. त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही, आमचा कागदच अपुरा होता. 200 नग करताना तो कपॅसिटर मी स्वतः दुकानातून आणायचो, म्हणून लिहायची गरजच पडली नव्हती. शेतात हे 3000 नगांत कळलं असतं तर आमची कंपनी उठली नसती. दुसऱ्या दिवशी योग्य कपॅसिटर लावून वीसही बोर्ड डब्यात दहा-दहा मिनिटं चालवले, सगळे टिकले. कारखान्याने डब्याचा फोटो काढून ती पायरी तपासणीच्या तक्त्यात घातली. ताईंनी डबा तिथेच ठेवला.

तेव्हा माझं कळकळीचं सांगणं: प्रत्येक महत्त्वाच्या भागापुढे मेक, पूर्ण पार्ट नंबर आणि चालणारा पर्याय लिहा, आणि लेखी परवानगीशिवाय बदल नाही हे वाक्य ऑर्डरमध्ये घाला. सही केलेले दोन नमुने ठेवा, एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. तुमचा माल जिथे वापरला जातो तिथली सगळ्यात वाईट परिस्थिती कारखान्यात उभी करता येईल असं काहीतरी सोबत न्या.

पैशांचं गणित निघण्याआधी मांडा. आम्ही 30 टक्के आगाऊ दिले, 70 टक्के माल निघण्याआधी. बोर्ड बनायला पाच आठवडे, जहाजाने न्हावा शेवाला यायला साधारण तीन, कस्टम आणि जुळणी धरून आणखी तीन, वर डीलरची दोन महिन्यांची उधारी. आगाऊ रक्कम दिल्यापासून पहिला रुपया परत यायला जवळपास पाच महिने. बँकेशी बोलणी ऑर्डर देण्याआधी करा, नंतर घाईत मिळणारा पैसा महाग पडतो. वायरलेस भागांची मंजुरीची कागदपत्रंही माल चीनच्या बंदरातून निघण्याआधी आपल्या कस्टम ब्रोकरला दाखवा.

आणि चिनी नववर्षाची तारीख कॅलेंडरवर मोठी लिहून ठेवा. 2026 मध्ये ती 17 फेब्रुवारी. त्याच्या आधीपासूनच कामगार गावी जायला लागतात, आणि सुट्टीनंतर लाइनवर बरेच नवे हात असतात. सुट्टीनंतरचा पहिला लॉट दुप्पट तपासा.

आमचा दुसरा लॉट त्याच काळात येतोय, म्हणून मार्चमध्ये पुन्हा जायचं आहे. आमंत्रणपत्र या वेळी ताईंच्या नावाने मागवलंय, सोबत लाइनवरची एक मुलगी जाईल. लॉट पास की नापास ही सही आता ताईंची. मी भोसरीत डीलरांच्या वसुलीला थांबतोय.