न धुतलेला रॅक

त्या दिवशी प्रॅक्टिकल संपलं तेव्हा मी घाईत होते. सहा टेस्टट्यूबचा रॅक वॉटर बाथमध्येच राहिला.

प्रयोग दरवर्षीचाच. कोरडं यीस्ट कोमट पाण्यात कालवायचं, प्रत्येक नळीत वेगळी साखर, आणि निघणारा वायू धरायला आत उपडी घातलेली छोटी डरहॅम नळी. सहाव्या नळीत साखरच नाही. ग्लुकोज लगेच फसफसतं. सुक्रोज त्याच्या पाठोपाठ, कारण यीस्ट ते पेशीबाहेरच इन्व्हर्टेज या विकराने, म्हणजे एन्झाइमने, तोडतं. माल्टोज आधी आत ओढून घ्यावं लागतं, म्हणून ते रेंगाळतं. तास संपता संपता जेमतेम फेस धरतं. लॅक्टोज आणि गॅलॅक्टोज ढिम्म. दोघांपुढे जर्नलात 'किण्वन नाही'. हे मी किती वर्षं लिहून घेतलं, ते न मोजलेलंच बरं.

सकाळी एक विद्यार्थिनी धावत आली. "मॅडम, पाचवीतली डरहॅम वर तरंगतेय!"

पाचवी म्हणजे गॅलॅक्टोज. छोटी नळी वायूने गच्च भरून वर आली होती. मला आधी लेबलांचाच संशय आला. मग वाटलं, रात्रीत जिवाणू शिरले असतील. पण शेजारचं लॅक्टोज कालच्यासारखंच गप्प, आणि बिनसाखरेच्या नळीत टाचणीच्या डोक्याएवढा एकच बुडबुडा. जिवाणूंनी नेमकी एकच नळी कशी निवडली असती?

पुस्तक काढलं. गॅलॅक्टोज यीस्टला चालतं, पण त्यासाठी लागणारी विकरं ते तयार ठेवत नाही. ग्लुकोजवर वाढलेल्या पेशीत ती जनुकं बंद असतात. उघडून कामाला लागेपर्यंत काही तास जातात. मग गॅलॅक्टोजचं रूप बदलून ते ग्लुकोजच्याच वाटेला लागतं. ही वाट लेलोआर यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांना १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लॅक्टोजची गत मात्र वेगळी. त्यात अर्धं ग्लुकोज, अर्धं गॅलॅक्टोज, दोन्ही यीस्टला चालणारी. पण जोडी फोडायला लॅक्टेज हे विकर नाही आणि आत न्यायला दारही नाही.

तरी मन मानेना. पाचव्या नळीच्या तळाचा गाळ ड्रॉपरने उचलून ताज्या गॅलॅक्टोजमध्ये सोडला. या पेशींची तयारी रात्रीच झालेली. हजेरी घेऊन होईपर्यंत बुडबुडे सुरू!

"मग परीक्षेत काय लिहायचं?" मागून प्रश्न आला.

जर्नलात वेळेचा रकानाच नव्हता. मी पट्टी मागवली.